लुगड्याचा घागरा

आई, तुमच्या जांभळ्या लुगड्याला आज मी कात्री लावली. तेच ते लाल पदराचं इरकली, जे तुम्ही ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून जपलंत आणि जाण्याआधी माझ्या हातात देऊन म्हणालात, "नातीच्या लग्नात तिच्या अंगावर पडू दे." पडेल की! परवा पोरीची हळद आहे, तेव्हा पडेल. फक्त नेसवणार नाही. त्याचा घागरा शिवलाय. आमच्या मॉरिशसचा सेगा नाचायला घागऱ्याला जो घेर लागतो तो पाचवारी साडीतून निघतच नाही. तुमच्या नऊवारीतून मात्र झकास निघाला. आणि पहिली कात्री मी मुद्दाम पदरावर चालवली. का ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं.

मी मॉरिशसहून इथे आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. तुमचा मुलगा त्याच्या आधीच्या वर्षी भजनी मंडळाबरोबर आमच्या बेटावर आला होता, पखवाज वाजवायला. आमच्याच घरी उतरला होता, आणि तिथेच आमचं लग्न ठरलं. माझ्या बापाला तर आभाळ ठेंगणं झालं. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात राबायला बोटीने नेलेले. तेव्हापासून घरातला प्रत्येकजण "मुलुख, मुलुख" करत मेला, परत कोणी गेलं नाही. पोरगी मुलखात सून म्हणून जातेय म्हटल्यावर माझ्या बापाने सगळ्या गावाला जेवण घातलं. चिनी दुकानदार, शेजारचा मुसलमान दर्जी, चर्चमध्ये पेटी वाजवणारी क्रेओल बाई, सगळे जेवून गेले आणि जाताना माझ्या दोन्ही गालांचे मुके घेऊन गेले. आमच्याकडे तशीच रीत आहे. आलं की दोन्ही गालांना, गेलं की दोन्ही गालांना. सासू असो की पोस्टमन.

सांताक्रूझच्या विमानतळावर तुम्ही हेच लुगडं नेसून उभ्या होतात. कपाळावर आडवं कुंकू, नाकात नथ. न्यायला आलेल्या तुमच्याकडच्या काकांनी हळूच सांगितलं, "ही तुझी सासू." मी धावत आले, तुमचे खांदे धरले आणि तुमच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. सासऱ्यांच्या समोर, चाळीतल्या बायकांच्या समोर, तुमच्या थोरल्या दिरांच्या समोर. पाया पडायचं असतं हे मला ठाऊक होतं हो. बापाने आठवडाभर घोटून घेतलं होतं. पण त्या क्षणी जे अंगात होतं तेच बाहेर आलं. बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही लाल पदर उचललात आणि आधी डावा, मग उजवा, दोन्ही गाल घासून पुसलेत. काहीतरी लागलंय आणि ते जात नाहीये असे. माझ्याकडे बघतच पुसलेत. त्या पदराचे आज मी सहा तुकडे केले, घागऱ्याच्या तळाला झालर लावलीय. नाचताना जमिनीवर घासेल ती.

अंधेरीच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही पहिल्या दिवसापासून एकच ठरवलं होतंत, की हिच्या अंगाला जे बेट चिकटलंय ते खरवडून काढायचं. मी शाळेनंतर बैठकेत बसून मराठी शिकलेले. गावातल्या देवळामागे एक मास्तर पुस्तकातून शिकवायचे, त्याला आम्ही बैठका म्हणायचो. त्यामुळे मी बोलायचे तेही पुस्तकासारखं. "आई, मी जल आणू का?" असं विचारलं की तुम्ही शेजारणीला हाक मारायच्यात, "ऐकलास काय गो? आमचा कीर्तन चालू झाला." आता माझी मराठी तुमच्यासारखीच झालीय, धार लावलेली. भाजीवाल्याशी भांडते तेव्हा तो म्हणतो, "ताई, तुम्ही कोकणातल्या का?" तुमच्याशी भांडता भांडता शिकले म्हणून सांगत नाही त्याला.

स्वयंपाकघरात तर विचारूच नका. आमच्याकडे सकाळी लांब पाव, त्यात लोणी आणि गरमागरम गातो पिमा, म्हणजे भिजवलेल्या डाळीचे मिरची घातलेले वडे. मी एकदा हौसेने केले. तुम्ही ताटलीत बघितलंत आणि म्हणालात, "हा आमचाच डाळवडा. तिथे जाऊन बाटला." आणि पाव? "पाव आजारी माणसाला देतात गो, चायत बुडवून. धडधाकट माणसा पाव खातात तुमच्यात?" शेवग्याचा पाला लसूण घालून उकळून त्याचं पाणी भातावर घेतलं तर तुम्ही म्हणालात, गुरांचं खाणं. तोच पाला तुम्ही कांद्यावर परतून खोबरं पेरून खायच्यात, तेव्हा तो माणसांचा! मी टोमॅटोत बोंबील शिजवले, आमची रुगाय, तर तुम्ही टोप उचलून बाहेर चाळीच्या नळावर नेऊन ओतलात. बोंबलासकट. बोंबील वाया घालवणारी कोकणातली बाई मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली.

दुपारी तुम्ही तांदूळ निवडत बसायच्यात आणि मी मुद्दाम सांगायचे, आमच्याकडे रविवारी काय करतात ते. तुम्हाला नको असायचं म्हणूनच सांगायचे. सगळा गाव मिळून बस करतो. टोप, चुली, चटया, म्हाताऱ्या, तान्ही पोरं, सगळं बसमध्ये कोंबायचं आणि समुद्रावर सुरूच्या बनात जाऊन दिवसभर राहायचं. तिथेच बिर्याणी शिजते. अननसाला तिखटमीठ लावून पोरं खातात. वादळाच्या दिवसांत रेडिओवर इशारा आला की खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, मेणबत्त्या नि पाव आणून ठेवायचे, आणि वारा छप्पर ओढत असताना आत सगळ्यांनी पत्ते कुटत बसायचं. ईदेला दर्ज्याकडून बिर्याणी यायची, नाताळला केक, गणपतीला आमच्याकडून मोदक. आणि समुद्रावर दुपार कलली की बायाबापड्या सगळ्या सेगा नाचतात. पाय उचलायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे. साखळदंड पायात असलेले गुलाम असे नाचायचे म्हणतात, त्यांच्याकडून सगळ्या बेटाने घेतला. "सासवापण नाचतात?" तुम्ही एकदा विचारलंत. म्हटलं, सगळ्यांत जास्त त्याच नाचतात. तुम्ही सूप आपटलंत. "लाज नाय म्हणून नाचतात," म्हणालात.

मग माझ्या हातून ती गणपतीतली चूक झाली. चूक म्हणजे तुमच्या मते. चाळीच्या गणपतीपुढे गावची मंडळी जाखडी नाचायला आली होती. मृदंग सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच ठेका, तेच गाणं! माझ्या पणजोबांनी बोटीतून नेलेलं, आमच्या गावात दर गणपतीला होणारं. आम्ही तिला झाकरी म्हणतो. मुलुख मुलुख म्हणतात तो हाच, असं वाटून माझे डोळे भरून आले आणि मी साडी खोचून सरळ त्या रिंगणात शिरले. आमच्याकडे बायकाही नाचतात हो. तुमच्याकडे फक्त बाप्ये नाचतात हे मला कोणी सांगितलं होतं? एक फेरी झाली. पाय बरोबर पडत होते, गाणंही तोंडपाठ. समोरचा म्हातारा तर हसून मान डोलवत होता. तेवढ्यात तुम्ही आलात. दंडाला धरून ओढत मला गणपतीसमोरून, सगळ्यांच्या मधून घरात नेलंत आणि दार उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "सून आणायला गेलो, नाचणारीण आली."

तुमचा मुलगा? तो मृदंगाजवळच बसला होता. मान खाली घालून त्याला कणीक लावत होता.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण मग पोरगी झाली. मी तिला क्रेओलमध्ये, आमच्या बेटाच्या बोलीत, गाऊन झोपवायचे, माझी आई मला गायची ते. तुम्ही पाळण्याची दोरी माझ्या हातातून काढून घेतलीत. "तिच्या कानात ती कावकाव घालू नको. पोर आमची हाय. तुझ्यासारखी ना घर का ना घाट का व्हायला नको." तिला तुम्ही मांडीवर घेतलंत ती शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलीच नाहीत. तुमच्या ओव्या, तुमचं बोलणं, तुमच्या हातची पेज. लळा इतका, की ती मला "तू बेटावरची, मी आजीची" असं सांगायची. तीन वर्षांची पोरगी! तुम्ही ऐकून पदराआड हसायच्यात. पोरीच्या रूपात बेटाचं काहीतरी मागे राहील एवढीच मला आशा होती, आई. मी परत जाणार नव्हतेच. विमानाचं तिकीट म्हणजे स्वप्न. तुम्ही ती एकच गोष्ट हेरलीत आणि नेमकी तीच माझ्या हातून काढून घेतलीत.

उरला होता रावान. बापाने निघताना दिलेला. मोठ्या डफासारखा, बकऱ्याच्या कातड्याचा, त्याच्या हातांनी मढवलेला. सेग्याचं हे मुख्य वाद्य, आणि ते वाजवण्याआधी विस्तवाशी धरून तापवावं लागतं, नाहीतर बद्द बोलतं. समुद्रावर बाप शेकोटीपाशी उकिडवा बसून त्याला गोल गोल फिरवायचा, मधूनच बोटाने टिचकी मारून कान लावायचा. इथे मी तो माळ्यावर ठेवला होता, जुन्या चादरीत गुंडाळून. तुम्ही घरात नसलात की काढायचे, स्टोव्हच्या आचेवर जरा धरायचे आणि पोरीला हळूच वाजवून दाखवायचे. तिला आवडायचं. ताल धरून बसल्या बसल्या डुलायची. आणि एक दिवस तिने तो ताल तुमच्यासमोर ताटावर वाजवला.

होळीचा दिवस होता. पोरं चाळीतून लाकडं गोळा करत फिरत होती. मी नळावर धुणं धूत होते. संध्याकाळी होळी पेटली, नारळ टाकायला सगळ्या बायका गेल्या, मीही पोरीला कडेवर घेऊन गेले. आणि त्या ढिगाऱ्यात, तुटक्या खुर्चीच्या वर, बापाचा रावान. तुम्ही पोरांना स्वतः काढून दिला होतात. जाळ त्याच्याजवळ आला तेव्हा आधी कातडं तापलं, ताठ झालं, आणि त्यावर एक पेटता ढलपा उडून पडला तसा तो एकदा वाजला. खणखणीत. मी मुंबईत आल्यापासून इतका सुरेख वाजला नव्हता. मग फाटला. पोरगी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, वाजला." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही होळीला नैवेद्य दाखवत होतात. हात जोडून, डोळे मिटून.

मी मनात म्हटलं, थांब म्हातारे, तुझंही काहीतरी असेल जिवापाड जपलेलं. सापडेल मला कधीतरी. आणि बघा, तुम्ही स्वतःच हातात आणून दिलंत.

तुमचं मी सगळं केलं. शेवटच्या आजारात अंग पुसलं, वेणी घातली, पेज भरवली. चाळीतल्या बायका म्हणायच्या, मुलगी करणार नाही एवढं केलं सुनेने. त्यांना काय माहीत, मी का करत होते! तुमच्या बहिणीची गावाहून पत्रं यायची आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी बैठकेतली मराठी तेव्हा तुम्हाला चालायची. पत्र आलं की भांडण असलं तरी पाट सरकवायच्यात. मी वाचायचे, तुम्ही भिंतीकडे बघत ऐकायच्यात, आणि संपलं की म्हणायच्यात, "वाच परत." कुठल्या गायीला कालवड झाली आणि कोणाचा फणस पडला हे मी दोन दोनदा वाचायचे. त्या वेळेत तुम्ही मला कधीही टाकून बोलला नाहीत. म्हणून काही मी विसरले नाही. विसरणारी मी नव्हेच.

तुम्ही गेलात, तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरात क्रेओल सुरू केली. पोरगी कानांवर हात ठेवायची. "आजी म्हणायची ही कावकाव आहे." मेल्यावरही तुम्ही तिच्या तोंडून बोलत होतात! वर्षं गेली, आई, त्यात. मी हट्टाने बोलत राहिले, ती हट्टाने मराठीत उत्तरं देत राहिली. मग नोकरीला लागल्यावर ती स्वतःच्या पैशाने बेटावर गेली, माझ्या भावाकडे, आठवड्यासाठी म्हणून. राहिली महिनाभर. परत आली ती विमानतळावर मला बघून धावत आली आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मीही तिथेच तिच्या दोन्ही गालांचे घेतले. लोक वळून वळून बघत होते.

आता लग्न ठरलंय. मुलगा मुलुंडचा, चांगला आहे, हसरा आहे. पोरगी म्हणाली, हळदीला मी सेगा नाचणार, पण एवढा घेर असलेला घागरा इथे कुठे मिळणार? मी ट्रंक ओढली, लुगडं काढलं, जमिनीवर पसरलं. "आजीचं?" तिचा चेहरा उतरला. "हो, आजीचंच." "आई, अगं, तिने माझ्यासाठी ठेवलं होतं ना?" म्हटलं, तुझ्याचसाठी शिवतेय. आणि कात्री घेतली. खरं सांगते, पदरावर कात्री चालवताना मला जो आनंद झाला तो माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. चर्र आवाज आला आणि होळीचा जाळ जरा खाली बसला.

संध्याकाळी तिने घालून बघितला. भावाने तिच्याबरोबर नवा रावान पाठवलाय. तो मी तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या ओट्यावर, गॅसच्या आचेवर गोल गोल फिरवत तापवला. टिचकी मारली. तसाच बोलला, खणखणीत. बाहेरच्या खोलीत तुमच्या फोटोसमोरची खुर्ची बाजूला केली आणि मी वाजवायला बसले. सासू मीही होणार आता. वाजवते आणि नाचतेही, लाज नाय म्हणून.

पोरगी काय नाचली, आई! जांभळा घेर असा फुलला की भिंतींना लागत होता. लाल झालर फरशीवरून सरसरत होती. पाय न उचलता, घासत घासत. आणि बघता बघता माझा हात ठेक्यावरून चुकला. शेवटच्या दिवसांत तुम्ही असंच चालायच्यात. संडासापर्यंत, माझ्या खांद्याला धरून, पाय फरशीवर घासत. पोरीने तेव्हा तुमच्या मागे मागे तसंच चालायचा खेळ केला होता, तुम्ही हसला होतात. मी ठेका पुन्हा धरला. जास्त जोरात धरला.

नाच संपला तशी ती घामाघूम, हसत, सरळ तुमच्या फोटोपाशी गेली. मला वाटलं नमस्कार करेल. तिने फोटोची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि काचेवर तुमच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आधी डावा, मग उजवा. चांगले ठसठशीत. ओठाला लाल भडक रंग होता. विमानतळावरची गोष्ट तिला मी कधीच सांगितलेली नाही, ती आपली आजीला घागरा दाखवून आली. आता तुमच्या गालांवर दोन लाल ठसे आहेत आणि पदराचे तर मी तुकडे केलेत. पुसा बघू आता कशाने पुसताय ते!

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्हाला वाचता येत नाही आणि तुम्हाला वाचून दाखवणारी मीच. समोर पाट ओढून बसले असते आणि पहिलं वाक्य दोनदा वाचलं असतं, तुम्ही न सांगता. सगळं वाचलं असतं, बोंबलासकट. फक्त मघाशी दिवा लावल्यावर मी फडकं घेऊन तुमची काच पुसायला गेले, त्या ठशांकडे बघत उभी राहिले आणि न पुसताच परत आले, एवढं मात्र गाळलं असतं.